खताच्या ढिगातली ज्वालामाय

थंडीच्या सकाळी यशोदाबाईंच्या मळ्यात सारं गाव खताच्या ढिगाला हात जोडून उभं होतं. ढिगातून वाफा निघत होत्या. देवानं कुठं प्रकटावं याला काही नियम नाही. आमच्या चाळीसगावकडच्या गावात तो शेणात प्रकटला.

मूळ घोटाळा आमच्या रिवाजाचा. केळीचा घड उतरला की खांब तोडायचा, बांधावर भिरकावायचा आणि विसरायचा. यशोदाबाईंनी मात्र खांबांचे तुकडे, शेण, पाचोळा असे थर रचून छातीएवढा ढीग घातला. असा ढीग आतून तापतो, हे गावानं कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं ते ज्वालानंद महाराजानं. त्यानं लगेच वर निशाण रोवलं.

"ज्वालामाय कौल देते! पुण्यवंताला गारवा, पाप्याला चटका!"

भक्ताचं मनगट तो स्वतः धरी. नारळ-पातळ आणणाऱ्याचा हात ढिगाच्या कडेला, शंका काढणाऱ्याचा थेट मध्यात.

"बाबा, हाई मनं खत शे. बठ्ठं शेण मी वाहेल शे," यशोदाबाई म्हणाल्या. महाराजानं त्यांचा हात कोपरापर्यंत मध्यात खुपसला आणि तो भाजला. पापिणीला ढिगाजवळ यायची बंदी झाली. ढीग पालटला नाही तर खत बिघडणार आणि केळीच्या नव्या लागवडीला उपाशी जमीन मिळणार, हे ऐकायला कुणाला सवड नव्हती. लोक ढिगावर दूध ओतत होते. खालून काळा रस गळत होता. त्यात माशा, माशांवर गुलाल. आमचे पदवीधर ते 'तीर्थ' डोळे मिटून भुरकत होते, मिशीला लागलेलं चाटत होते. मी आठवडाभर आमटीकडे पाहिलं नाही.

तालुक्याच्या डॉक्टर रूही आल्या त्या वैतागूनच. जुलाब-उलट्यांचे सगळे रोगी याच गावचे.

"झुलालनाना, तुम्हाला काय कौल मिळाला?"

"गारेगार! मी पुण्यवान शे," तीर्थ पिणाऱ्यांत पुढे असलेले नाना मिशी पुसत म्हणाले.

"मग जरा इथं घाला हात." डॉक्टरांनी ढिगाचा मध्य दाखवला. नानांनी ऐटीत हात घातला.

"जळनू रे बाप!"

"तीर्थ घेता घेता कोणतं पाप केलंत, नाना?"

गर्दीत खसखस पिकली. यशोदाबाईंनी कडेला हात घालून पाहिला. "थंड शे!"

"आता महाराज, तुम्ही मध्ये," डॉक्टर म्हणाल्या.

"लेकरानं मायची परीक्षा घेऊ नये," महाराज म्हणाला आणि चपला सोडून केळीत दिसेनासा झाला.

डॉक्टर म्हणाल्या, "शेण-पाचोळा कुजवणारे सूक्ष्मजीव असतात. ते खातात तेव्हा ऊब सुटते. मध्यात ती कोंडते, कडेला निघून जाते. एवढीच तुमची माय. आणि तुम्ही प्यालात ते शेणाचं पाणी. त्यानं केळी पोसतील, तुम्ही नाही."

नाना बांधामागं ओकून आले.

यशोदाबाईंनी फावडं उचललं. निशाण आधी खाली आलं, मग अर्धा ढीग. आंबलेल्या दुधाची अशी घाण सुटली की भक्ती नाकातूनच पळाली. लोक मागं सरले. त्या खालचं वर, वरचं खाली करत राहिल्या. "ऱ्हाई जाई अजून," खत वाचेल या आशेनं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

तर मंडळी, कुजण्याला चमत्कार म्हणा, माझी हरकत नाही. पण तो मातीत घाला, तोंडात नको. आणि कुणी तुमचा हात धरून कुठं घालू लागला, तर नम्रपणे म्हणा, "आधी तुम्ही."