कच्चा टाका

गल्लीत त्यांना सगळे पानेसाहेब म्हणत. शाळेच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं नोकरी केली, पण लोकांच्या लक्षात राहिला तो त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावणारा दहा-अकराचा पाना. गाडीच्या बाबतीत साहेबांचा सगळा कारभार आपला हात जगन्नाथ. ऑइल बदलायचंय, स्वतः. पट्टा करकरतोय, स्वतः. गॅरेजचं नाव काढलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी त्यांना दुसऱ्याच्या तोंडाने जेवायला सांगितलंय.

आता ‘स्वतः’ म्हणजे तरी किती? खरं सांगायचं तर निम्मंच. उरलेलं निम्मं बायकोचं होतं, आणि ते साहेबांनी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

त्याचं असं झालं होतं. गाडी घेतली त्या पहिल्याच वर्षी साहेबांनी चाकाचा नट इतका आवळला की बोल्टच तुटून हातात आला. बायको घरी शिवणकाम करायची. ती मशीनवरून उठून बाहेर आली, तुटका बोल्ट तळहातावर घेऊन बघितला आणि म्हणाली, “अहो, तुमच्या हाताला माप नाही. तुम्ही आपला कच्चा टाका घाला. पक्का मी घालते.” तेव्हापासून सत्तावीस वर्षं तीच रीत. चाक परत चढवायचं, नट हाताने फिरवून पान्याने जरासे टेकवायचे, जॅक उतरवायचा, चाकाचा पाना मागच्या पायरीवर ठेवायचा आणि साहेबांनी हात धुवायला जायचं. मग ती यायची. प्रत्येक नटाला पाना लावून त्याच्या दांड्यावर एका पायाने उभी राहायची. सगळं वजन, एकदाच. समोरासमोरचे नट आळीपाळीने घ्यायचे, आणि झालेल्या प्रत्येक नटावर शिवणाच्या खडूची एक रेघ ओढायची. साहेबांच्या नखांतलं ग्रीस निघेपर्यंत तिचं काम आटोपलेलं असायचं. दोघांनी मिळून शेकडो वेळा चाकं काढली-बसवली असतील, पण एकही नट कधी सैल झाला नाही.

ती जाऊन अकरा महिने झाले होते. तापाचं निमित्त झालं, चार दिवस दवाखाना, संपलं. साहेब लोकांसमोर रडले नाहीत. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. लोकांचं काय, दोन दिवस येतात आणि तिसऱ्या दिवशी खंबीरपणाचं प्रमाणपत्र देऊन मोकळे होतात. साहेब एकटे असतानाही रडले नव्हते, हे कुणाला ठाऊक होतं? त्यांनी शिवणाच्या मशीनवर चादर घातली, गाडीचा एअर फिल्टर बदलला, वायपर बदलले, मागचा दिवा बदलला. चाक काढायची वेळ मात्र त्या अकरा महिन्यांत आली नाही.

ती वेळ आली मुलीमुळे. मुलगी आरोग्य केंद्रात नर्स. तिची नवी नेमणूक अशा ठिकाणी झाली की तिथं दिवसातून एकदाच बस जायची, म्हणून गाडी तिनं न्यायची असं ठरलं. शुक्रवारी ती घरी आली, रविवारी सकाळी निघणार होती. पुढचे ब्रेक किंचाळत होते.

“बाबा, गॅरेजमध्ये टाकू या ना. तासाभराचं काम आहे.”

“गॅरेजवाला पॅड बदलेल गं. पण जीव लावून बदलेल का?”

“जीव नाही लावला तरी चालेल, पॅड लावले तरी पुरे.”

साहेब हसले आणि रविवारी सकाळी साडेसहालाच गाडीखाली शिरले. त्यांच्या हातातून माया निघायची ती अशीच. तोंडाने काही बोलायचे नाहीत, टायरमधली हवा तपासायचे. त्या दिवशी त्यांनी चारही टायरची हवा बघितली, पाचव्याचीही बघितली, काचेवर मारायचं पाणी भरलं आणि मग पुढची दोन्ही चाकं काढली. जुने पॅड घासून नखाइतके पातळ झाले होते. त्यांनी पिस्टन हळूहळू आत रेटला, जिथं गंज होता तिथं पॉलिश पेपर मारला, नवे पॅड बसवले, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून पाहिलं, ब्रेक ऑइलची पातळी बघितली. कामात खोट काढायला जागा नव्हती. चाकं चढवली, नट टेकवले, जॅक उतरवला. पाना पायरीवर ठेवला. आणि हात धुवायला गेले.

मुलगी तेव्हा आत बॅगा भरत होती. साहेबांनी सावकाश, कोपरापर्यंत हात धुतले, चहा टाकला आणि सवयीने दोन कप ओतले. दुसरा कप मुलीनं उभ्या उभ्याच संपवला. निदान तो कप उरला असता तरी वेळेवर डोक्यात प्रकाश पडला असता, पण नशीब एकदा वाकड्यात शिरलं की असल्या बारीक गोष्टीसुद्धा सोडत नाही.

“पहिले पन्नास किलोमीटर कचकन ब्रेक मारू नको. पॅड बसायला वेळ लागतो.”

“हो बाबा. तुम्ही जेवा वेळेवर.”

गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते फाटकात उभे होते. मग आत येऊन त्यांनी कप विसळले, गाळण्यातला चोथा टाकायला मागचं दार उघडलं, आणि त्यांचा पाय चाकाच्या पान्याला लागला.

पाना त्यांनी ठेवला होता तसाच, तिथंच होता. त्यांना वाटलं, हिनं अजून उचलला कसा नाही? हा विचार त्यांच्या मनात पुरता येऊन गेला, अगदी थोडा रागही आला. गाळणं हातातून पडलं. चादर घातलेलं मशीन दारातून दिसत होतं. पुढच्या दोन्ही चाकांचे आठही नट नुसते टेकवलेले होते, आणि एकुलती एक पोर त्या चाकांवर मोठ्या रस्त्याला लागली होती.

त्यांनी फोन लावला. वाजला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाडी चालवताना कुणाचाही फोन घ्यायचा नाही, बापाचासुद्धा नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं, आणि पोर गुणाची होती. सहाव्यांदा फोन वाजून थांबला तेव्हा ते चपला न घालताच शेजारच्या फाटकात उभे होते.

शेजारी मास्तर राहायचे. ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. ते शिकाऊ गाडी पुसत होते.

“मास्तर, चला. पोरीची चाकं सैल आहेत.”

मास्तरांनी एकच प्रश्न विचारला, “कुठल्या रस्त्यानं गेली?” आणि फडकं टाकून गाडीत बसले.

शिकाऊ गाडीला पेडल दोन्ही बाजूंना असतात, पण शिकवणाऱ्याच्या बाजूला ऍक्सिलरेटर नसतो. साहेब त्या बाजूला बसले होते. मांडीवर पाना, पायाखाली क्लच आणि ब्रेक. सगळा जीव पुढे धावत होता आणि पायाला दाबायला मिळत होता तो ब्रेक. एकदा त्यांच्याकडून तो दाबलाही गेला. मास्तर ओरडले, “साहेब, पाय वर घ्या! मांडी घालून बसा पाहिजे तर!” एरवी दोघांनी यावर आठवडाभर चेष्टा केली असती. साहेबांनी खरोखरच सीटवर मांडी घातली आणि दोन्ही हातांनी पाना घट्ट धरून ठेवला.

पेट्रोल पंपावर ती नव्हती. पंपावरची बाई म्हणाली, “पांढरी गाडी ना? झाली की वीस मिनिटं.” साहेबांनी मनात हिशोब मांडला. टेकवलेला नट आधी पाच-सात किलोमीटर काही बोलत नाही. मग खटखट सुरू होते. मग स्टिअरिंग थरथरतं. मग एक नट जातो, आणि एक गेला की बाकीच्यांना वेळ लागत नाही. पुढे खाणीजवळ लांबलचक उतार होता आणि उताराच्या तळाशी पूल. त्या उतारावर तिचा वेग किती असेल, हे त्यांना कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं. “मास्तर,” ते म्हणाले, “माझ्या हातानं झालं हो हे.” मास्तरांनी गाडी अशी हाणली, की शिकायला आलेल्या कुणी तशी हाणली असती तर कान उपटले असते.

उतार सुरू व्हायच्या अलीकडेच पांढरी गाडी कडेला उभी दिसली. चारही दिवे लुकलुकत होते. मुलगी गाडीपासून दहा पावलं लांब, कठड्याला टेकून उभी होती.

साहेब गाडी थांबायच्या आतच उतरले. त्यांनी मुलीचे दंड धरले, सोडले, पुन्हा धरले. मुलीला ओरखडासुद्धा नव्हता. घाबरून झालं होतं, आता तिला राग आला.

“आधी वाटलं नवे पॅड वाजतायत. वेग कमी केला तर आवाजही कमी झाला, वाढवला की वाढला. मग स्टिअरिंग हलायला लागलं म्हणून थांबले. उतरून बघते तर डावीकडचे दोन नट गायब. उरलेले बोटांनी फिरतायत. बोटांनी, बाबा! फोन करावा तर इथं रेंज नाही. अजून दोन मिनिटं चालवली असती तर मी त्या उतारावर असते.”

मास्तर भला माणूस, मध्ये पडले. “जाऊ दे पोरी. वय झालं की विसरायला होतं. कुणालाही होतं.”

उत्तर तयार होतं. मान हलवली की काम भागलं असतं. साहेबांनी मान हलवली नाही.

“विसरलो नाही,” ते म्हणाले. “नट टेकवले. पाना पायरीवर ठेवला. हात धुवायला गेलो. ती येईल म्हणून.”

मुलीचा राग तिथंच थांबला. लहानपणी पायरीवर बसून तिनं ते पाहिलं होतं, आईचा पाय, पान्याचा दांडा, खडूच्या रेघा. एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्यानं गाडी हलली.

मग साहेबांनी जॅक लावला. डावं चाक काढून बोल्ट तपासले. आटे शाबूत होते. उजव्या चाकाचेही नट सैल निघाले, पण चारही जागेवर होते. मागच्या दोन चाकांचा एकेक नट काढून त्यांनी डावीकडे लावला. चार नटांचं चाक तीन नटांवर सावकाश थोडं अंतर जातं, हे त्यांना माहीत होतं. सगळे टेकवून झाले, जॅक उतरला, आणि साहेब पाना हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी तो मुलीपुढे धरला.

“तू उभी राहा यावर. तुझं वजन साधारण तिच्याइतकंच आहे.”

मुलीनं पाना घेतला नाही. तिचे डोळे भरले होते, पण आवाज दवाखान्यातला होता, इंजेक्शनला हात पुढे करा म्हणणारा. “नाही, बाबा. उद्या मी तिथं असेन. तुम्ही करा.”

“माझ्या हाताला माप नाही गं.”

“पाय लावा.”

साहेबांनी पाना नटाला लावला. अनवाणी पाय दांड्यावर ठेवला, गाडीच्या टपाला धरलं आणि दुसरा पाय जमिनीवरून उचलला. दांडा थोडा खाली गेला आणि थांबला. तिथं, त्या एका पायावर उभं असताना, मास्तरांसमोर आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांसमोर ते रडायला लागले. आवाज आवरायचं त्यांनी काही मनावर घेतलं नाही. रडता रडता त्यांनी समोरचा नट घेतला, मग त्याच्या बाजूचा. मास्तर पाठ फिरवून खाणीकडे बघत उभे राहिले. चौदाही नट साहेबांनी असेच आवळले.

मुलगी गाडीत बसली. किल्ली लावली, पण फिरवली नाही. काच खाली घेऊन तिनं विचारलं, “घट्ट आहेत ना?”

साहेबांनी बाहीला नाक पुसलं.

“आहेत. तरी गाव लागलं की पहिल्या गॅरेजमध्ये दाखव. तोवर हळू जा, मास्तर आणि मी मागं आहोतच.” त्यांनी खिडकीच्या कडेवर हात ठेवला. “सगळे मीच आवळलेत. तुझी आई आता नाहीये.”

“माहीत आहे, बाबा,” मुलगी म्हणाली आणि तिनं गाडी सुरू केली.