सायकलवर गेलेला वेळ

दादा तिला नेहमी चिडवायचा, "मासोळी आहेस हे खरं, पण शर्यत काही तळ्यात संपत नाही."

ती दातांची डॉक्टर, दादा गणिताचा मास्तर. भावंडं ट्रायथलॉनचा, म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, शेवटी धावणं अशा शर्यतीचा, सराव जोडीनंच करायची. दादाचं म्हणणं साधं होतं. पोहण्यात कितीही जीव काढा, हाती मिनिट-दोन मिनिटंच लागतात. निम्मा वेळ सायकल खाते, म्हणून कमाई तिथे. आणि सायकलवर पाय जाळून घेतले, तर धावताना ती सगळी कमाई पाण्यात.

उन्हाळ्यात सायकलचा सराव करताना उतारावर एका ट्रकनं त्याला उडवलं; तो जागीच गेला. ती मागेच होती. त्यानंतर ती दवाखान्यात जायची, दाढा भरायची, घरी यायची. रडू आलं नाही. शर्यतीत नाव आधीच घातलेलं होतं, म्हणून गेली.

पाण्यातून ती बायकांत दुसरी बाहेर आली. सायकलच्या पहिल्याच उताराला बोटं आपोआप ब्रेकवर गेली. भीती वाटली असं नाही. काहीच वाटलं नाही. नुसती बोटं सुटेनात. एकेक करत सगळे पुढे गेले. पिकल्या केसांची एक आजीसुद्धा "जरा बाजूला हो गं बाळ" म्हणत निघून गेली. पायांत ताकद उरली होती, म्हणून धावताना तिनं बऱ्याच जणांना गाठलं. पण सायकलवर गेलेला वेळ धावून थोडाच भरून निघतो? नंबर लागला तो शेवटून मोजावा असा.

शर्यत संपते तिथे दोरीपलीकडे वहिनी उभी होती.

"कुठे गेला वेळ?" शर्यतीनंतर त्यांच्या घरात पहिला प्रश्न हाच असायचा.

"सायकलवर. ब्रेक सोडवेना."

वहिनी म्हणाली, "मला अजून पलंगाच्या मधोमध झोपवत नाही. कडेलाच पडते."

"मला काही वाटतच नाही, वहिनी. मनाचा दगड झालाय नुसता."

"असू दे. घाई कुणाला आहे?"

सायकल गाडीत बसेना. ते काम दादाचं होतं. दोघींनी बरीच खटपट केली, चाक काढलं, साखळीचं काळं वहिनीच्या शर्टाला लागलं. शेवटी सायकल अर्धी आत, अर्धी बाहेर अशी बांधली आणि त्या हळूहळू निघाल्या.

"भूक लागलीय," बऱ्याच वेळानं ती म्हणाली.

वहिनीनं गाडी कडेला घेतली.