मास्तर आत बसले होते

मी दुर्बीण बोलतेय. जानेफळात मार्तंड मास्तरांच्या परसात एका दगडी चौथऱ्यावर मला उभं केलंय. रूप म्हणाल तर पत्र्याचं एक लांब नळकांडं आणि तळाशी ताटलीएवढा आरसा. नवा माणूस परसात आला की आधी मला पाणी तापवायचा बंब समजतो. मला त्याचं काही वाटत नाही. तसं मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. मी जन्मले त्या घरातही तेव्हा कोणाला काही वाटेनासं झालं होतं.

मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. त्यांची एकुलती एक मुलगी तापानं गेली, आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांनी माझी काच घासायला घेतली. दोन जाड काचा, मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी. एक काच पिंपावर पक्की बसवलेली, दुसरी तिच्यावर मागे-पुढे सरकवायची. थोडं घासलं की पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं आणि पुन्हा घासायचं. शाळेतून आले की अंधार पडेपर्यंत त्यांचं तेच चाले.

शेजारचे उकंडराव कुंपणावरून विचारायचे, "मास्तर, काय दळून राह्यले हो?"

"आरसा," मास्तर म्हणायचे.

उकंडराव पुढे काही विचारत नसत. मूल गेलेल्या माणसाला गाव तेवढी सूट देतं. मास्तरांच्या पत्नी सुभद्राबाई आतून पाण्याचा तांब्या आणून पिंपाजवळ ठेवायच्या आणि न बोलता परत जायच्या. मुलीचं नाव त्या घरात कोणी घेत नसे, त्यामुळे ते मलाही माहीत नव्हतं.

काच घासून झाली तेव्हा मास्तरांनी मला फडक्यात गुंडाळून एसटीनं जालन्याला नेलं, एका आरसेवाल्याकडे, चांदीचा मुलामा द्यायला. दुर्बिणीच्या आरशाला मुलामा दर्शनी बाजूनं लागतो. त्या भल्या माणसानं जन्मभर घरातले आरसे केलेले, ज्यांची चांदी मागच्या बाजूला असते आणि तिच्यावर रंग देतात. त्यानं चांदी चढवली आणि सवयीनं तिच्यावर लाल रंगाचा जाड हातही मारून टाकला. मास्तर न्यायला गेले तर मी लालभडक. तो बिचारा म्हणाला, "गुरुजी, चांदी टिकावी म्हणून रंग दिला. त्याचे जास्तीचे पैसे नकोत." मास्तरांना हसू यायला हवं होतं. ते नुसते "बरं" म्हणाले आणि दुकानात बसून राहिले. सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं.

मास्तरांना देवयानी तारकासमूहातल्या तेजोमेघाचा फोटो हवा होता. हिवाळ्यात जेवणवेळेला तो डोक्यावर येतो, आणि नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. त्याचा उजेड इतका कमी की फोटोच्या काचेवर उमटायला झाकण तासभर उघडं ठेवावं लागतं. पण आकाश तासभर थांबत नाही, ते सरकतं. म्हणून माझ्या अंगाला आणखी एक छोटी दुर्बीण बांधलेली होती, आणि तिच्यात कोळ्याच्या जाळ्याचे दोन धागे फुलीसारखे ताणलेले. धागे सुभद्राबाईंनीच गोठ्यातून काढून आणले होते. एक तारा त्या फुलीवर धरायचा आणि तो निसटायला लागला की माझा स्क्रू हळूच फिरवून त्याला परत फुलीवर आणायचं. हे काम एकट्याचं नव्हे. मान अवघडते, बोटं बधिर होतात. थोडा वेळ मास्तर बसत, मग सुभद्राबाई. एक जण स्क्रूवर, दुसरा शेजारच्या पाटावर घोंगडी पांघरून.

मास्तरांनी एक नियम केला होता. फोटो चालू असताना बोलायचं नाही, बोललं की हात हलतो. न बोलायला इतकं चांगलं कारण दुसऱ्या कुठल्याही नवरा-बायकोला सापडलं नसेल. हिवाळ्यामागून हिवाळे ती दोघं माझ्याजवळ गप्प बसली. पण बसली शेजारी. दिवसाच्या बाकी वेळात ती शेजारी बसलेली मी पाहिली नाहीत. फोटो यथातथाच यायचे. तेजोमेघ म्हणजे तेल सांडल्याचा डाग आणि तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. त्यातला एक मास्तरांनी शाळेत लावला होता.

मग गावात वीज आली. सुभद्राबाईंचा धाकटा भाऊ सुधाकर मलकापूरला कापसाच्या एका जिनिंगमध्ये मोटारी दुरुस्त करायचा. तो एका रविवारी पिशवीतून छोटी मोटर आणि दातेरी चाकं घेऊन आला आणि दिवसभर माझ्या पायाशी बसून त्यानं ती जोडली.

"ताई, आता तुले थंडीत कुडकुडत बसाचं काम नाही," तो म्हणाला. "बटन दाबलं का हे आपोआप ताऱ्याच्या मांगं फिरते."

"आन् तुहे भाऊजी?"

"भाऊजीबी आत बसतीन. रेडिओ ऐकतीन."

"बरं झालं," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि त्यांनी घोंगडी घडी करून आत नेली.

खरं सांगायचं तर मोटरीचा हात त्या दोघांच्या हातापेक्षा चांगला होता. तिला थंडी वाजत नव्हती, तिचा श्वास माझ्या भिंगावर बसत नव्हता, तिचं कोपर मला लागत नव्हतं. पहिल्याच फोटोत तारे मोहरीसारखे गोल आले. मास्तर खूश झाले, म्हणजे त्यांना जेवढं होता येत होतं तेवढे झाले. पुढे त्यांनी माझ्या झाकणाला दोरी बांधून ती खिडकीतून आत घेतली. तारा लावून द्यायचा, आत जायचं, दोरी ओढली की झाकण उघडायचं, सैल सोडली की बंद. खिडकीजवळ खुर्ची, शेजारी रेडिओ आणि घड्याळ.

त्या हिवाळ्यापासून मास्तर मागच्या खोलीत आणि सुभद्राबाई स्वयंपाकघरात. कधी दुपारी त्या माझ्याजवळ येत. पदरानं माझा पत्रा पुसत आणि जुना स्क्रू फिरवून पाहत. मोटर लावल्यापासून तो सुटा होता, कितीही फिरवला तरी मी जागची हलत नसे. त्या फिरवत राहायच्या. मला तेव्हा वाईट वाटायचं. एरवी मी म्हणते ना की मला काही वाटत नाही, पण तेव्हा वाटायचं.

आणि मग मार्गशीर्षातली ती संध्याकाळ. मास्तरांनी मुंबईहून मागवलेली फोटोची चांगल्यातली शेवटची काच माझ्यात चढवली, तारा लावला आणि आत जाऊन दोरी ओढली. मी देवयानीमागे फिरू लागले. बऱ्याच वेळानं सुभद्राबाईंना आठवलं की धुणं दवात भिजतंय. त्यांनी मागच्या खोलीत डोकावून पाहिलं. मास्तर खुर्चीत बसून रेडिओवर बातम्या ऐकत होते. मास्तर आत म्हणजे दुर्बीण बंद, हा त्यांचा इतक्या वर्षांचा हिशेब मोटर आल्यावरही डोक्यातून गेला नव्हता. त्यांनी मागच्या दाराचा दिवा लावला आणि त्या परसात आल्या.

उजेड सरळ माझ्या तोंडात शिरला. काच वाया गेली.

मास्तर धावत बाहेर आले. "तुले कोनं सांगतलं होतं भायेर याले?"

"तुम्ही तं आत बसेल होते."

"मी आत असलो म्हून काय झालं? हे चालू होतं ना!"

"मले काय मालूम? तुम्ही इथं बसेल असले का मले समजते."

"एवढी अक्कल नाही? शेवटची काच होती थे!"

सुभद्राबाईंच्या हातात अर्धं काढलेलं लुगडं होतं. ते त्यांनी तसंच दोरीवर सोडलं.

"पोरगी गेली त्या रात्रीबी तुम्ही आतच बसेल होते," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा होता. "दवाखान्यात न्याले मेहकरची गाडी येते का म्हून मी वसरीत तिले मांडीवर घेऊन बसली. तुम्ही आत पोरायच्या वह्या तपासत."

आत रेडिओ चालूच होता. मोटर घुर्र करत होती आणि मी वाया गेलेली काच पोटात घेऊन नेमानं फिरत होते.

"मले पाह्यवत नव्हतं," शेवटी मास्तर म्हणाले.

"मले पाह्यवत होतं का?"

मास्तर चौथऱ्याच्या कडेवर बसले. सुभद्राबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग त्याही बसल्या. जवळ नाही, पण त्याच कडेवर. मग सवयीनं त्या दिवा मालवायला उठल्या.

"राहू दे तो," मास्तर म्हणाले.

"काऊन?"

"कोकिळेले अंधाराचं भेव वाटे."

सुभद्राबाई जिथल्या तिथे खाली बसल्या आणि रडू लागल्या. मी जन्मल्यापासून त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं. मास्तरांनी त्यांचा हात धरला. मुलीचं नाव मला त्या दिवशी कळलं.

आता माझी चांदी कडेनं काळवंडत चालली आहे. मास्तर पुन्हा मुलामा देऊ म्हणतात, कधी देतील कोण जाणे. मोटर आहे, ती तिचं काम करते. मास्तर आणि सुभद्राबाई दोघंही बाहेर येऊन बसतात, रोज नाही, पण येतात. त्यांना काम काहीच नसतं, म्हणून बोलतात. कोकिळा वरणातली मिरची कशी शोधून काढायची, उकंडरावांच्या शेळीशी कशी भांडायची. कधी नुसतीच बसतात. त्यांचं दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही, मला ते मोजता येत नाही.

तुम्हाला माझी विनंती एवढीच. माझ्यापासून लांब बसून फोटो चांगला येत असेल तर खुशाल लांब बसा, मोटर मला सांभाळून घेते. पण घरात कोणी तापानं फणफणत असेल, तर त्याच्या उशाशी बसा. पाहवत नसलं तरी बसा.