रिकाम्या घरांतली खुर्ची

मित्रांनो, मला स्वतःचे घर नाही, पण मी जेवढी घरे आतून पाहिली आहेत तेवढी एखाद्या रंगाऱ्यानेही पाहिली नसतील. मी एक जुनी, घडीची खुर्ची आहे. साधे लाकूड, पितळी बिजागऱ्या आणि बसायला जाड निळे कापड. माझा मागचा एक पाय किंचित आखूड आहे. त्यामुळे बसणाऱ्याला मी आधी एकदा डुलवते आणि मगच स्थिर होते.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. माझ्यासोबत घडवलेल्या बाकीच्या बहिणी एका बागेतल्या चहाच्या दुकानात गेल्या. मी मात्र मागे राहिले. “ही डुगडुगते,” असे म्हणून गिऱ्हाइके पुढे जात. मग एके दिवशी एक उंच बाई आल्या. त्यांनी मला उघडले, बसल्या, डुलल्या आणि खो खो हसत सुटल्या. म्हणाल्या, “हीच द्या. बसणारा निदान जागा तरी राहील!”

त्या बाई घरे भाड्याने आणि विकत मिळवून देण्याचे काम करत. सगळे त्यांना एजंटबाई म्हणत. घर दाखवताना दुसरे एजंट सारखे बोलत राहतात. खिडकी उघडतात आणि वारा जणू स्वतःच्याच खिशातून काढून देतात! आमच्या बाईंची रीत निराळी होती. त्या मला काखोटीला मारून रिकाम्या घरात शिरत, स्वयंपाकघरात उघडून ठेवत आणि म्हणत, “राहणाऱ्यानं बसायचं, विकणाऱ्यानं उभं राहायचं. बसून बघा. मी खाली जाऊन येते.” आणि खरोखर निघून जात.

कुणी विचारले तर सांगत, “माझ्यासमोर तुम्ही उगाच खूश व्हाल.”

बाई गेल्या की माणसे खरे बोलू लागत. एका सासूबाईंनी माझ्यावर बसून सुनेला सांगितले, “ओटा तुझ्या उंचीचा घे गं, माझं काय, मी आयतं खाणार.” एक आजोबा मला खोल्याखोल्यांतून ओढत हिंडले आणि शेवटी खिडकीपाशी बसून म्हणाले, “इथून रस्ता दिसतो. म्हणजे मला करमेल.” अशा वेळी मला माझा फार अभिमान वाटे. सोफ्यावर माणसे पाहुणी असतात, माझ्यावर ती राहून बघत.

मित्रांनो, आता मी ज्या घराची गोष्ट सांगणार आहे, त्याचा व्यवहार जरा अवघड होता. ते बघायला तिघांचे एक कुटुंब आले होते. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आई घरीच शिकवण्या घ्यायची आणि त्यांची दीड वर्षांची ठकी दिसेल ते तोंडात घालायची. घर विकत घेण्याएवढी पुंजी त्यांच्यापाशी नव्हती. म्हणून त्यांनी दुसरा मार्ग धरला होता. आधी भाड्याने राहायचे, दर महिन्याला भाड्याहून थोडे जास्त भरायचे, ती जादा रक्कम किमतीत जमा होत जायची आणि ठरलेल्या मुदतीनंतर उरलेले पैसे देऊन घर आपले करायचे. ऐकायला गोड आहे ना? पण मध्येच काही बिनसले तर घरही जाते आणि जमा झालेलेही जाते. आणि त्याखेरीज त्यांच्यापाशी दुसरे काहीच नव्हते.

बाई खाली गेल्या. बाबांच्या अंगात तर आनंद मावत नव्हता. हाताच्या वितींनी त्यांनी कपाटाची जागा मोजली, मग पिशवीतून चक्क हातोडी काढली.

“अरे, हे काय?” आई म्हणाली.

“ठकीच्या झोळीला हूक ठोकतो. इथे बरोबर वारा येतो.”

“घर अजून घेतलं नाहीये आपण!”

“घेतल्यातच जमा आहे गं!”

आई माझ्यावर बसली. ती डुलली, पण दचकली नाही. ठकीला मांडीत घट्ट धरून ती नुसती बघत राहिली. गॅलरीच्या कठड्याच्या गजांतून ठकीचे डोके जाईल का, हे तिने नजरेने मापले. सगळे घर जुन्या रंगाचे होते, पण आतल्या एकाच भिंतीला ताज्या रंगाचा वास येत होता. ती उठली आणि तिने त्या भिंतीला तळहात लावला. भिंत गार होती, ओली होती. परत येऊन ती माझ्यावर बसली.

“ही ओल कुणी काढायची? आपण भाडेकरू, म्हणून मालकांनी? की आपण उद्याचे मालक, म्हणून आपणच?”

“तुझ्या मनात ना, सदा पाल चुकचुकत असते.”

“चुकचुकू दे. एखाद्या महिन्यात तुझा पगार उशिरा झाला तर? जमा झालेलं राहील की जाईल? आणि मध्येच त्यांनी घर दुसऱ्यालाच विकलं तर?”

बाबांनी हूक परत खिशात टाकला. हातोडी मात्र हातातच राहिली.

तेवढ्यात बाई परतल्या. त्यांच्याबरोबर घरमालक काका होते, हातात काठी आणि बगलेत कराराचे कागद. वडीलधारे माणूस दारात दिसताच आई चटकन उठली, पदर नव्हता म्हणून मला ओढणीनेच पुसले आणि म्हणाली, “बसा ना काका.”

काका बसले. मी त्यांना डुलवले. त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिले आणि बोलायला सुरुवात केली. आपण शब्दाला किती पक्के, हे घर किती लाभी, कागद म्हणजे नुसता उपचार! आई ठकीला कडेवर घेऊन समोर उभी. “हो काका.” “बरं काका.” मघाचे सगळे प्रश्न बाजूलाच राहिले. बसलेल्या वडीलधाऱ्यासमोर उभे राहून वाद घालायचा नाही, हे तिच्या अंगी मुरलेले होते. काकांनी पेन पुढे केले. तिने ते घेतलेसुद्धा.

बाईंनी ते पाहिले. त्या गॅलरीत गेल्या, रंगाऱ्याचा रिकामा डबा आणून त्यांनी पालथा घातला आणि त्यावर वर्तमानपत्र पसरले.

“काका, तुम्ही इथे. खुर्ची तिची.”

“अहो, मालक मी आहे!”

“म्हणूनच. राहणाऱ्यानं बसायचं.”

काका कुरकुरत डब्यावर बसले. आई लाजून चूर झाली होती. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला माझ्यावर बसवले. “ताई, मघाशी जिन्यापर्यंत ऐकू येत होतं ते सगळं आता विचार.”

तिने आधी ठकीला मांडीवर नीट बसवले. मग एकेक करून सगळे विचारले. हप्ता चुकला तर काय, या प्रश्नावर काकांनी छताकडे पाहिले. मग बाईच बोलल्या, “करारात लिहिलंय ते सांगते. एक जरी हप्ता चुकला तरी तोवर जमा झालेलं सगळं मालकाचं.”

बाबांनी हातोडी हळूच पिशवीत टाकली.

काका भडकले. “बाई, तुमचं कमिशन मी देणार की ही?”

“तुम्हीच देणार. मी तुमचीच माणूस आहे. ताई, हे तूही ध्यानात ठेव, माझ्या भरवशावर सही करू नकोस, तुझा वकील तू बघ. पण काका, मला एक सांगा. घर खरंच विकायचंय, की जमा झालेलं खिशात घालून नवा भाडेकरू शोधायचाय?”

मित्रांनो, त्या क्षणी बाईंचे कमिशन, मालकाचा विश्वास आणि त्यांचे नाव, सगळेच पणाला लागले होते. पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. काका काठीची मूठ चोळत बसले. मग म्हणाले, “विकायचंय हो. लेकीकडे जायचंय मला. एकट्याला हे घर खायला उठतं.”

“मग घेणारा टिकला पाहिजे ना?”

काका थोडे हसले. “ही पोरगी माझं घर घेणार आहे की माझी परीक्षा?”

“दोन्ही,” बाई म्हणाल्या.

मग डब्यावर बसूनच काकांनी कबूल केले की ओल ते स्वतः काढून देतील, किंमत आजच ठरेल, मध्ये कुणालाही घर विकणार नाहीत आणि हप्ता उशिरा आला तर थांबतील. आईने पेन परत केले. “काका, हे सगळं कागदावर येऊ दे. मी ते वकिलांना दाखवीन आणि मग सही करीन.” आणि हे तिने बसूनच सांगितले! मी लाकडाची असूनही मला हायसे वाटले.

ओल निघाली, करार नव्याने लिहिला गेला आणि ते कुटुंब तिथे राहायला गेले. पुढे बाबांची कंपनी बंद पडली आणि हप्ता खरोखरच चुकला. काका चिडले, पण करार करार होता. ते थांबले. बाबांना दुसरे काम मिळाले आणि मुदत भरली तेव्हा घर त्यांच्या नावावर झाले. हे मला बाईंकडूनच कळले. माझ्यावर बसलेल्या प्रत्येक बुजऱ्या गिऱ्हाइकाला त्या सांगत, “विचार गं बिनधास्त. एकीनं विचारलं म्हणून तिचं घर राहिलं.”

आता बाईंना जिने चढवत नाहीत. धंदा त्यांचा भाचा बघतो. मुलगा चांगला आहे, पण घरे फोनवरच दाखवतो. मी कचेरीच्या मागच्या गॅलरीत आहे. माझ्या अंगावर ओल्या छत्र्या वाळतात. निळे कापड विरले आहे, बिजागऱ्या गंजल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी डुगडुगणारी खुर्ची असेल. तिला तेलाचे दोन थेंब द्या, फाटले असेल तिथे ठिगळ लावा. आणि कधी आईबाबांबरोबर नवे घर बघायला गेलात, आणि आई एका जागी बसून नुसती भिंतीकडे बघत राहिली, तर तिचा हात ओढून “चल ना गं” म्हणू नका. तिला बसू द्या. ती त्या घरात तुम्हाला मोठे होताना बघत असते.