तारेचे सात वेढे

जुनी व्हॅन न्यायला भंगारवाला रविवारी सकाळी अकराला येणार होता आणि धाकटे दीर नऊपासूनच फाटकापाशी येरझारा घालत होते. माणसाला एवढी घाई असावी, तर ती निदान एखाद्या चांगल्या गोष्टीची असावी, असं थोरल्या सुनेच्या मनात आलं. पण ती व्हॅनखाली उताणी पडलेली होती आणि तोंडात स्क्रू धरलेला होता, त्यामुळे दिरांची अब्रू वाचली.

व्हॅन डिझेलची, जुनी, आणि चढाला तापणारी. टेकडीवरच्या शाळेत चौदा मुलं नेऊन पोचवण्याचं काम ती सून गेली सहा वर्षं त्याच व्हॅनने करत होती. मागच्या आठवड्यात दोनदा अर्ध्या चढात इंजिनाचं पाणी उकळलं. चौदा मुलं दप्तरं घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. मुख्याध्यापिकाबाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, सोमवारी पुन्हा असं झालं तर आम्ही दुसरी गाडी बघतो. नवरा लांबच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी येणार. घरात ती कोणाची सून, कोणाची वहिनी. त्या चौदा मुलांची मात्र ती ड्रायव्हरताई होती, आणि ते तिला मनापासून आवडायचं. ते गेलं असतं तर ती आतून मोडली असती.

"वहिनी, उगाच जीव काढताय," दीर म्हणाले. "इंजिनाचं हेड गेलंय. खोललं तर अजून दहा दुखणी निघतील."

"हेड गेलं असतं तर पाणी मिसळून ऑइल दुधासारखं झालं असतं," ती खालून म्हणाली. "ऑइल स्वच्छ आहे. धूरही पांढरा नाही."

"बरोबर बोलतेय ती," खुर्चीवरून सासरे म्हणाले.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं डिझेलची इंजिनं दुरुस्त केली होती. आता हात थरथरायचे, म्हणून ते दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसायचे आणि सगळं काम तोंडाने करायचे. शनिवारी त्यांच्याच सांगण्यावरून तिने गार इंजिनाच्या रेडिएटरचं खालचं बूच काढून इंजिन गार ठेवणारं जुनं कूलंट टबात उतरवलं होतं. ते चहाच्या चोथ्यासारखं निघालं. बागेचा पाइप लावून पाणी नितळ येईपर्यंत धुतलं, नवं हिरवं कूलंट भरलं, पुलापर्यंत चक्कर मारली. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. पुन्हा उतरवलं, पुन्हा धुतलं, पुन्हा भरलं. काटा पुन्हा लाल. दोन्ही वेळा सासऱ्यांचा चेहरा असा पडला, की तिला व्हॅनपेक्षा त्यांचीच काळजी वाटायला लागली.

आता तिने इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलं आणि एकेका पाइपाला हात लावून बघायला सुरुवात केली. वरचा पाइप हाताला चटका देत होता. खालचाही गरम. पण केबिनच्या हीटरकडे जाणारे दोन बारीक पाइप अगदी थंडगार.

"बाबा, हीटरकडे पाणी जातच नाहीये."

"ती लाइन बाद आहे. कालच सांगितलं ना. सोड ती."

सासरे इतकं तुटक कधी बोलत नसत. तिने टॉर्च तोंडात धरली आणि हात थेट इंजिनाच्या मागे घातला. हीटरचा वॉल्व्ह बंद होता, आणि नुसता बंद नव्हता. त्याच्या दांड्याला जाड तारेचे वेढे मारलेले होते. तिने मोजले, सात. वॉल्व्हच्या पलीकडे हवा कोंडून बसली असणार, आणि वर्षानुवर्षं साचलेला गाळही, आणि आता तोच इंजिनाचं पाणी अडवत असणार. वर कितीही धुवा, तिथे थेंब पोचत नव्हता.

"ही तार कोणी बांधली?"

तिने पक्कड उचलली.

"थांब," सासरे म्हणाले. "आधी सांगतो, मग काप."

त्यांनी हात मांड्यांखालून बाहेर काढले. ते थरथरत होते, तरी त्यांनी ते तसेच राहू दिले.

"तो कुत्रा नव्हता."

घरातल्या प्रत्येकाला तो कुत्रा पाठ होता. बारा वर्षांपूर्वी सासरे व्हॅन घेऊन शेतात घुसले, ते आडव्या आलेल्या कुत्र्याला वाचवताना. दरवर्षी सांगता सांगता तो कुत्रा वाढत गेला होता. अलीकडे तो वासराएवढा झाला होता.

"हीटर चालू होता. ऊब लागली आणि माझा डोळा लागला," ते म्हणाले. "एवढा मोठा मिस्त्री, स्टिअरिंगवर झोपला. कोणाला सांगणार? दुसऱ्या दिवशी वॉल्व्ह बांधून टाकला. काल काटा चढला तेव्हाच मला कळलं होतं. तोंड उघडवलं नाही. तुझं काम जायला निघालं होतं, आणि मी माझी लाज जपत बसलो."

दीर काहीतरी लागट बोलणार होते, पण दारातून सासूबाई म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं. गाडीला कुत्र्याचा एक केस नव्हता." आणि त्या कपबश्या विसळायला आत गेल्या.

सुनेला राग आला होता, खराखुरा. एक अख्खा दिवस वाया गेला होता. पण ते उघडे, थरथरणारे हात बघून तो राग टिकला नाही. तिने एकेक वेढा कापला.

इंजिन निवल्यावर हीटरचे पाइप सोडून उलट्या बाजूने पाणी मारलं, तेव्हा आतून जो लालभडक गाळ निघाला, तो बघून दीरही खाली वाकले. भंगारवाला येऊन ठेपला, त्यालाही कोणी विचारलं नाही. तो आपणहून टब धरून उभा राहिला. मग नवं कूलंट, हीटर पूर्ण उघडा, इंजिन चालू. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले, मोठमोठे, एकामागून एक. पातळी झरकन खाली गेली. ती भरत राहिली, बुडबुडे थांबेपर्यंत.

"आता झाकण लाव," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज दहा वर्षांनी तरुण झाला होता.

तडक टेकडी. शेजारच्या सीटवर सासरे, मागे पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन दीर, साक्षीला. हवेत गारठा होता आणि हीटरमधून बारा वर्षांनी ऊब येत होती. पहिलं वळण. काटा मध्यावर. मुलं उभी राहिली होती ते वळण आलं. काटा मध्यावर. शेवटच्या चढाला तिने दुसरा गिअर टाकला, डिझेल इंजिन घोगऱ्या आवाजात जोर लावत राहिलं, आणि शाळेचं फाटक समोर आलं. काटा जागचा हलला नव्हता. तिला मोठ्यांदा हसावंसं वाटलं आणि ती हसलीही.

मागे दिरांनी न उघडलेला कॅन खाली ठेवला. "मानलं, वहिनी," ते म्हणाले.

तिने शेजारी बघितलं. सासऱ्यांची मान छातीवर कलली होती. हात मांडीवर उघडे होते आणि झोपेत अजिबात थरथरत नव्हते. तिने फाटकापाशी ब्रेक दाबला, त्या झटक्याने ते दचकून जागे झाले.

"काय झालं?"

"काही नाही, बाबा," ती म्हणाली. "कुत्रा आडवा आला होता. पण मी जागी होते."