पहिला जाळ

"चूक माझी आहे. मी घाबरले, म्हणून कमी घासलं," काकू म्हणाल्या, आणि संशोधक पोरगी खुर्चीतून ताडकन उठली. रागानं नव्हे, आनंदानं. कमी घासलं असेल, तर अजून सगळंच हातात होतं.

प्रयोगशाळेत खडक कापण्या-घासण्यात काकूंची सव्वीस वर्षं गेली होती. पण हे काम नाजूक. खडकातले झिरकॉन या खनिजाचे कण, मिठाच्या कणाहून बारीक, राळेच्या बटणासारख्या गोल वडीत बसवायचे आणि बरोबर अर्धे झिजवायचे. कमी झिजले तर नुसती साल दिसते, जास्त झिजले तर गाभाच जातो.

सालीनंच घोळ घातला होता. पोरीचं म्हणणं, हा काळा-पांढरा पट्टेरी खडक, नाइस, मुळात शिलारस. समुद्राचा तळ जमिनीखाली सरकत गेला, वर ज्वालामुखींची रांग उठली, तिच्या पोटात हा रस थिजला. पुढे पुन्हा तापला, दाबला गेला, तेव्हा अंगावर पट्टे उमटले. तिचे मार्गदर्शक सर म्हणत, छे, हे तर भाजून निघालेले गाळाचे थर. मोजणीत वय आलं ते फक्त दुसऱ्या तापण्याचं. साल तेव्हाच चढलेली, ती आपलंच वय सांगणार. मूळ सिद्ध झालं नाही तर हे प्रकरण प्रबंधातून काढायचं, असं सरांनी बजावलं होतं, मुदत आज चारची. आणि दुसरा नमुना मिळणार नव्हता. तो कडा आता काँक्रीटच्या भिंतीआड गेला होता.

काकूंची मोजायची रीत वेगळी होती. घासताना त्या स्वतः जुळवलेल्या ओळी गुणगुणत. एक ओळ म्हणजे चार फेरे. मागच्या वेळी सर पाठीशी उभे राहिले, काकू लाजल्या, मनातल्या मनात मोजू लागल्या आणि फेरे चुकले.

आज नेमके सर पुन्हा येऊन उभे राहिले.

काकूंनी बटण चकतीवर टेकवलं. पोरीकडे पाहिलं. तिनं श्वास रोखला होता. मग काकूंनी घसा खाकरला आणि चांगल्या मोठ्यांदा सुरू केलं,

"फिरते चकती, झिजते राळ,
कणाच्या पोटी पहिला जाळ."

तीनदा म्हटलं. थांबल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आणखी एकदा म्हटलं. बस्स.

बटण धुऊन-पुसून यंत्रात गेलं. पडद्यावर कण उजळला आणि पोरीनं काकूंचं ओलं मनगट घट्ट धरलं. बाहेर सपाट, फिकट साल. तिच्या आत रेघेला रेघ लागून बारीक पट्ट्या, एकात एक, आणि कोपरे सुरीच्या टोकासारखे. दुसरा कण तसाच. तिसराही.

सर पुढे वाकले. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

"गाळातून वाहत आला असता, तर कोपरे झिजून गोल झाले असते," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आणि सगळ्यांची घडण एकसारखी नसती. हा रसातच वाढलाय."

 पोरीला हसूही येत होतं आणि रडूही.

"गाभ्याचं वय आजच मोजायला लावा," सर म्हणाले. "प्रकरण राहू दे."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि उरलेले सदतीस कण बघायला काकूंच्या शेजारी ऐसपैस बसले. "काकू," पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, "मागच्या वेळी तोंडाला कुलूप का लावलं होतंत?"

"तुम्ही उभे होता ना," काकू म्हणाल्या. "आता बसलात, हे बरं झालं."