राजा वर, साल खाली

आमच्या घरात दोन ड्युट्या चालतात. रात्रीची यांची, दिवसाची माझी. हे रात्रभर पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसतात आणि सकाळी चहा पिऊन झोपतात. ते झोपले की मी जागी. दाराला आतून कुलूप, किल्ली यांच्या उशीखाली. पीठगिरणीवर जायचं तर यांना उठवून किल्ली मागायची, आणि किती मिनिटांत येशील ते सांगून जायचं. चौदा महिने झाले याला. राखायचं काय, तर एक रुपया.

हे म्हणजे माझे मिस्टर, डोमाजी. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर आम्ही कळंबजवळ गावच्या घरी राहायला आलो. बाकीच्या कंडक्टर लोकांनी नोकरीत प्लॉट घेतले, यांनी इंग्रजांची नाणी घेतली. बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या बाया पदराच्या गाठीत जुने रुपये घेऊन यवतमाळला सोनाराकडे निघायच्या. हे गाडीतच भाव विचारत, सोनारापेक्षा दहा रुपये वर देत आणि नाणं खिशात टाकत. राणीचे, टकल्या बादशहाचे, मुकुटवाल्या राजांचे, एकदोन तांब्याचे पैसेही, मिळून बेचाळीस नग जमले. मी तेव्हा एकदा विचारलं होतं की याचं करणार काय. म्हणाले, काही नाही, राहू दे.

तसे ते राहिलेही असते डब्यात. पण मागच्या वर्षी चौदा एप्रिलला विहारात पोरांसाठी प्रदर्शन ठेवलं आणि यांनी एका प्लायवूडच्या फळीला निळा ऑईलपेंट मारून त्यावर बेचाळीसच्या बेचाळीस नाणी चिकटवून टाकली. साध्या गोंदानं नाही. चप्पल तुटली की आपण जे लावतो ते, थेंबाथेंबाचं. चेहरे दिसले पाहिजेत म्हणून सगळे राजे वर. इंग्रजाच्या रुपयावर राजा एका बाजूला असतो आणि साल दुसऱ्या. सगळी सालं फळीकडे तोंड करून बसली.

यांचा पुतण्या धम्मरत्न यवतमाळला झेरॉक्सच्या दुकानात असतो. त्यानं कौतुकानं फळीचा फोटो नाणेवाल्यांच्या कुठल्या तरी ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी नागपूरच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. शेवटच्या ओळीतला शेवटचा रुपया एकोणचाळीस सालचा असेल तर आपण लाखांत बोलू, मागची बाजू पाठवा.

मागची बाजू नव्हतीच आमच्याकडे.

मी दहावी नापास बाई, पण वाचायला आळस नाही. धम्मरत्ननं आणून दिलेलं नाण्यांचं पुस्तक मी डिक्शनरी घेऊन महिनाभर वाचलं. मला कळलं ते असं. त्या शेवटच्या रुपयावरच्या राजाचे चांदीचे रुपये अडतीस सालापासून निघाले. चाळीसपासून सरकारनं चांदी कमी केली आणि नाण्याच्या कडेला मधोमध एक खाच काढली. आमच्या रुपयाची कड साधी, नुसते दाते. म्हणजे तो अडतीसचा किंवा एकोणचाळीसचा. अडतीसचे ढिगानं सापडतात, दोन-तीन हजारांत कोणीही देईल. एकोणचाळीसचे हाताच्या बोटांवर. वजन तेच, चांदी तीच, राजा तोच. फरक एका आकड्याचा, आणि तो आकडा फळीला चिकटलेला.

यांचं म्हणणं, विकत घेताना मी वाचलं होतं, त्यात नऊ होता, पक्कं आठवते. मी म्हटलं, नऊ तर असणारच, एकोणीसशेमधला. त्यावर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

तोवर गावात रुपया पंचवीस लाखांचा झाला होता. पंधरा दिवसांनी चाळीसचा. एक अनोळखी माणूस मोटारसायकलवरून घरासमोर थांबला आणि आत बघून गेला, तेव्हापासून ड्युट्या लागल्या. तो माणूस बियाण्याचा एजंट निघाला, पण ड्युट्या लागल्या त्या लागल्या. लग्नाला दोघांनी जाणं बंद झालं, मग एकानं जाणंही. बँकेच्या लॉकरचं मी सुचवलं होतं. धम्मरत्न माप घेऊन आला. फळी तीन फुटी आणि लॉकर वीतभर.

आमची एकुलती एक लेक, दीपा, पुसदला दिली आहे. पहिलं बाळंतपण, सातवा महिना. तिला सासू नाही. जावई अंकुर सकाळी आठला कामावर जातात ते संध्याकाळी सातला येतात. डॉक्टरनी सांगितलं, पडून राहायचं, उठायचंच नाही. प्रवासाचं तर नावही काढायचं नाही, म्हणजे माहेरी येणं बंद. मी जायला हवं होतं. मी रोज फोनवर येते म्हणत होते आणि रोज संध्याकाळी यांच्यासाठी भाकरी टाकत होते.

विषय काढला की हे म्हणत, दिवसा झोपलो तर घर कोण पाहील. मी म्हटलं, फळी घेऊन दोघंही पुसदला जाऊ.

"एसटीत?" हे म्हणाले. "एसटीत काय काय जाते ते मले विचार. लोकं लेकरं इसरून जातात सीटवर."

मग त्या मंगळवारी दुपारी दीपाचा फोन आला. पाणी संपलं म्हणून उठली होती, स्वयंपाकघरापर्यंत गेली, आणि अंगावरून थोडं लाल गेलं. शेजारीण धावली, डॉक्टरकडे नेलं, आता बरं आहे. हे सगळं तिनं बाजारातल्या भाजीचे भाव सांगावे तसं सांगितलं. मी निघते म्हटल्यावर म्हणाली, "राहू दे आई. तू बाबाचा रुपया सांभाळ."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी फोन ठेवला आणि कपाटामागची बाटली काढली. नखांचा रंग काढायची. पुस्तकात लिहिलं होतं, त्यानं गोंद सुटतो आणि चांदीला काही होत नाही. शेजारच्या मैनाबाईंकडून मी ती दोन महिन्यांपूर्वीच कळंबच्या बांगडीवाल्याकडून मागवली होती. आणून देताना त्या म्हणाल्या होत्या, या वयात कोणाले नखं दाखवता वो बाई, घरात तर कोंडून आहा. फळीच्या कोपऱ्यातला तांब्याचा एक पैसा मी माझ्या ड्युटीत गुपचूप सोडवून पाहिला होता आणि परत चिकटवूनही ठेवला होता. यांना पत्ता नाही. रुपयाचंही तसं करता आलं असतं. पण ते चोरी करण्यासारखं वाटलं, आणि चोरापासूनच तर राखत होतो आम्ही.

चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी यांना किल्लीशिवाय दुसऱ्या कारणानं भर दुपारी उठवलं. दीपाचं सांगितलं. हे उठून बसले. मग म्हणाले, "दिवाळीनंतर पाहू न."

"दिवाळीपर्यंत थांबणार हाये का ते पोट?"

मी फळी भिंतीवरून उतरवून पलंगावर ठेवली. बाजूला बाटली आणि कापूस. हे बाटलीकडे पाहून समजले. नको म्हणाले. मी म्हटलं, एकोणचाळीसचा असला तर आजच्या आज त्या नागपूरवाल्याला बोलावू, विकून मोकळे होऊ. अडतीसचा असला तर राखायला काहीच उरलं नाही, तरी मोकळे.

"अडतीसचा असला," हे म्हणाले. "मंग मी काय राखून राह्यलो होतो?"

एकतीस वर्षं लोकांचे सुटे पैसे मोजले या माणसानं. कोणी नाव विचारलं नाही, कंडक्टर म्हणूनच हाक मारली. आता गावात शाळेचे मास्तरही यांना थांबवून बोलतात. चहाच्या टपरीवर खुर्ची मिळते. हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण पुसदला माझी लेक पाण्याच्या ग्लासासाठी संध्याकाळचे सात वाजायची वाट पाहत होती.

"तुमी नका पाहू," मी म्हटलं. "मी पाहते."

"मले सांगू नको."

"नाही सांगत."

हे फळीवरची नजर काढून बसले. पण माझ्यावरची नाही काढली.

कापूस भिजवून मी रुपयाच्या कडेनं फिरवत राहिले. डोकं दुखेल असा वास. दहा-पंधरा मिनिटं काही झालं नाही, मग राजा जरा सरकला. निळा रंग सोलून घेऊनच तो वर आला. पाठीमागचं सगळं निळं. पुन्हा कापूस, पुन्हा घासणं. आधी वेलबुट्टी दिसली. मग एक. मग नऊ. मग तीन. शेवटच्या आकड्यावर रंगाचा पापुद्रा होता, तो मी नखानं काढला नाही, कापसानंच काढला, हळूहळू. एकावर एक दोन गोल.

आठ.

तोंड मी सांभाळलं. कणकेत मीठ टाकलं की नाही, हे आठवत असल्यासारखं ठेवलं. पण हे माझ्याचकडे पाहत होते, आणि भरल्या गाडीत कोणी तिकीट काढलं नाही हे तोंडावरून ओळखणारा माणूस तो. मी नाणं मुठीत धरलं. बाहेर मैनाबाई कोंबड्यांना बोलावत होत्या.

"कळंबवरून चारची गाडी भेटते तुले," हे म्हणाले. "यवतमाळले बदल. पुसदची लागूनच रायते."

"अन् तुमी?"

"दोन्ही ड्युट्या करतो न मी."

"झोपाल कधी?"

"झोपीन न. मधात मधात." उशीखालची किल्ली काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि फळीकडे न पाहता म्हणाले, "चिकटवून दे तो पयलेसारखा. राजा वर."

गोंदाची नळी त्यांनीच आणून दिली. मी किती थेंब ते विचारलं. म्हणाले, दोन पुरे.

रुपया जागेवर बसवून मी फळी परत टांगली. त्यांनी ती सरळ केली, मग जरा मागे जाऊन पाहिली. मी पिशवीत दोन लुगडी, हळद-ओव्याची पुडी आणि दीपासाठी डिंकाचे लाडू भरले. लाडू गेल्या महिन्यातच करून ठेवले होते, थोडे कडक झाले होते. निघताना सांगितलं, भात सकाळीच लावत जा, गॅस बंद केला का पाहत जा. हे हो हो म्हणाले. मी कुलूप काढून किल्ली यांच्या हातात दिली, बाहेर पडले आणि मागे कुलूप लागल्याचा आवाज आला.

मैनाबाई दारातच होत्या. हातातली पिशवी पाहूनही सगळं गाव विचारतं तेच विचारलं, "निघालं का वो साल?"

मी म्हटलं, "नाही ना. निघतच नाही."

त्या हळहळल्या. म्हणाल्या, जपा बाई, लाखाची वस्तू आहे, अन् आता तुम्ही निघाल्या, एकटा माणूस. मी म्हटलं, तुमचंही लक्ष असू द्या. आता त्यांनाही ड्युटी लागली होती, माझ्या तोंडून.

स्टँडवर येईपर्यंत मला वाटत होतं, मागून हे येतील, पिशवी धरतील, खिडकीजवळची जागा पकडून देतील, कंडक्टरला दोन शब्द सांगतील. आजवर प्रत्येक वेळी सांगत आले. गाडी लागली, मी चढले, तिकीट काढलं. आले नाहीत. घर टाकून कसे येणार.